गूगल फॉर्म पाठवण्याआधी

फेब्रुवारी उजाडला की महाविद्यालयांच्या व्हॉट्सअॅप गटांवर एक ठरावीक निरोप फिरू लागतो. ‘माझ्या प्रोजेक्टसाठी एवढा फॉर्म भरा, दोनच मिनिटं लागतील, प्लीज.’ खाली निळ्या अक्षरांतली लिंक. मैत्रिणी भरतात, मावसभाऊ भरतो, आईच्या भिशीतल्या दोघी भरतात. आठवड्याभरात शंभर उत्तरं जमतात. गूगल आपणहून रंगीत वर्तुळं काढून देतं, ती चौथ्या प्रकरणात चिकटवली जातात आणि स्पायरल बाइंडिंग केलेला प्रकल्प गाइडच्या टेबलावर जाऊन पडतो. व्हायवाला परीक्षक विचारतात, ‘हीच पद्धत का निवडली?’ उत्तर येतं, ‘सर, सगळे हीच वापरतात.’

उत्तर प्रामाणिक आहे, पण ते संशोधनाचं उत्तर नाही. फॉर्मचाही यात काही दोष नाही. किती मुलं वसतिगृहात राहतात, किती जण महिन्याला मेसवर अमुक रुपये खर्च करतात, हे मोजायचं असेल तर नीट निवडलेल्या लोकांना पाठवलेली प्रश्नावली उत्तम काम करते. पण विद्यार्थ्यांना पडलेले बरेचसे प्रश्न ‘किती’चे नसतातच. ते ‘कसं’चे आणि ‘का’चे असतात. माणसं एखादा निर्णय कसा घेतात, एखाद्या अनुभवाचा काय अर्थ लावतात, बोलतात काय आणि वागतात काय, हे शोधायला निघालं की आपण गुणात्मक संशोधनाच्या हद्दीत शिरतो. तिथे मुलाखत, निरीक्षण, गटचर्चा आणि दस्तऐवजांचा अभ्यास ही चार मुख्य साधनं आहेत. त्यांतलं कुठलं उचलायचं, हे ठरवण्यासाठी एकच साधा प्रश्न पुरतो : मला हवी असलेली माहिती राहते कुठे? कुणाच्या आठवणीत, कुणाच्या वागण्यात, चारचौघांच्या बोलण्यात, की कागदात? पत्ता कळला की वाट आपोआप ठरते.

विषय म्हणजे प्रश्न नव्हे

एक उदाहरण घेऊ आणि शेवटपर्यंत तेच धरून चालू. पुण्यातल्या सदाशिव पेठ, नवी पेठ भागात स्पर्धा परीक्षांची तयारी करणारी हजारो मुलंमुली राहतात. बीड, परभणी, नंदुरबार, गडचिरोली अशा सगळीकडून आलेली. कॉट बेसिसवरची खोली, मेसचा डबा आणि अभ्यासिकेतली एक खुर्ची एवढंच त्यांचं जग. समाजशास्त्राच्या एखाद्या विद्यार्थिनीला त्यांच्यावर प्रकल्प करायचा आहे. सिनॉप्सिसवर ती लिहिते : ‘स्पर्धा परीक्षेची तयारी करणाऱ्या विद्यार्थ्यांच्या समस्यांचा अभ्यास’.

हा विषय झाला, प्रश्न नाही. ‘समस्यांचा अभ्यास’ या शब्दांच्या पोटात निदान चार वेगवेगळे प्रश्न आहेत. दोन-तीन अटेम्प्ट हुकल्यावर तयारी चालू ठेवायची की गावाकडे परतायचं, हे ही मुलं कसं ठरवतात? अभ्यासिकेतले दिवसाचे बारा तास प्रत्यक्षात कसे जातात? ‘पोस्ट निघणं’ (म्हणजे निवड होणं) आणि ‘न निघणं’ याबद्दल ती आपापसात कोणत्या भाषेत बोलतात? आणि २०२३च्या सुरुवातीला राज्यसेवेच्या नव्या वर्णनात्मक पद्धतीविरुद्ध पुण्यात आंदोलन झालं, महाराष्ट्र लोकसेवा आयोगाने ती पद्धत २०२५पर्यंत पुढे ढकलली, त्या काळात विद्यार्थ्यांनी आपली बाजू कशी मांडली?

पहिल्याचं उत्तर एकेकट्याच्या आठवणीत आहे, आणि ते तो सगळ्यांसमोर सांगणार नाही. दुसऱ्याचं उत्तर वागण्यात आहे. विचारलंत तर वेळापत्रक मिळेल, दिवस मिळणार नाही. तिसरं चारचौघांच्या बोलण्यात आहे. चौथं निवेदनं, फलक, बातम्या आणि आयोगाच्या प्रसिद्धिपत्रकांत आहे. मुलं तीच, पेठ तीच, पण चार प्रश्नांची चार घरं. विद्यार्थिनीने यांतला एक निवडला की पद्धतीचा निम्मा वाद तिथेच मिटतो.

लोक सांगतात ते आणि लोक करतात ते

पत्ता चुकला तर काय होतं, याचा एक जुना धडा अमेरिकेतला आहे. रिचर्ड लापिएर नावाचे समाजशास्त्रज्ञ १९३०च्या दशकाच्या सुरुवातीला एका तरुण चिनी जोडप्याबरोबर मोटारीने अमेरिकाभर हिंडले. त्या काळी तिथे चिनी लोकांविषयी उघड द्वेष होता. वाटेत ही मंडळी २५१ हॉटेलांत आणि खाणावळींत गेली. त्यांना नकार मिळाला तो फक्त एका ठिकाणी. काही महिन्यांनी लापिएर यांनी त्याच ठिकाणांना पत्रं पाठवून विचारलं, ‘तुम्ही चिनी गिऱ्हाईक घ्याल का?’ १२८ ठिकाणांहून उत्तरं आली आणि त्यांतल्या ९० टक्क्यांहून अधिक जणांनी ‘नाही’ असं कळवलं. १९३४ साली हा अभ्यास छापून आला.

त्यावर पुढे आक्षेपही घेतले गेले. पत्राला उत्तर देणारा मालक आणि दारात स्वागत करणारा नोकर एकच कशावरून? आक्षेप बरोबर आहे, आणि तो आपल्याही कामाचा आहे. प्रश्नावली वागणूक टिपत नाही, ती वागणुकीविषयीचं मत टिपते. तेही ज्याच्या हातात कागद पडला त्याचं.

आपल्याकडे याचा दाखला आणखी जुना आहे. नाशिकचे कलेक्टर ए. एम. टी. जॅक्सन हे संस्कृतचे जाणकार आणि लोकपरंपरांचे अभ्यासक होते. मुंबई इलाख्यातल्या गावोगावच्या समजुती, देवदेवस्की, नवस, भुतंखेतं यांची माहिती त्यांनी लेखी प्रश्न पाठवून जमवली होती. १९०९ साली नाशिकच्या नाट्यगृहात अनंत कान्हेरे यांनी त्यांना गोळ्या घातल्या. पुढे आर. ई. एन्थोवेन यांनी ती सामग्री संपादित करून गुजरात आणि कोकणावरच्या दोन खंडांत १९१४-१५च्या सुमारास छापली. कोकणच्या खंडाच्या तळटिपा वाचताना गंमत वाटते. माहिती देणारा जागोजागी अमुक गावचा शाळामास्तर. आजच्या गूगल फॉर्मचे हे पणजोबाच म्हणायचे. मास्तरांनी इमानेइतबारे लिहून कळवलं म्हणून आज तो ठेवा आपल्याला मिळतो. पण गावात नवस बोलणारी बाई, अंगात येणारा भगत, कोंबडं कापणारा कुळवाडी यांचं म्हणणं आपल्यापर्यंत पोचतं ते मास्तरांच्या लेखणीतून गाळून. लेखी प्रश्नावली पाठवली की लिहू शकणारा आणि लिहायची हौस असलेला माणूसच उत्तर देतो. फॉर्म पाठवायचा असेल तर जरूर पाठवा. पण तो कुणापर्यंत पोचणार नाही, याचीही एक यादी करा.

मुलाखत : ‘त्या दिवशी काय झालं?’

एखाद्याच्या अनुभवाच्या आत शिरायचं असेल तर मुलाखतीला पर्याय नाही. विद्यार्थ्यांना सर्वांत सोयीची ती अर्धरचित मुलाखत. सात-आठ मुद्दे लिहून न्यायचे, पण क्रम आणि शब्द समोरच्याच्या ओघावर सोडायचे. ठरलेले प्रश्न ठरलेल्या क्रमाने विचारत गेलात तर ती तोंडी प्रश्नावली होते. काहीच न ठरवता गेलात तर गप्पा छान होतात, पण दहा मुलाखतींची एकमेकींशी तुलना करता येत नाही.

खरी कसोटी प्रश्न विचारण्यात आहे. स्पर्धा परीक्षेच्या उमेदवाराला ‘तुमच्या समस्या कोणत्या?’ असं विचारा. तो ‘आर्थिक, सामाजिक आणि मानसिक’ असं सांगून तीन उपमुद्दे करून देईल. निबंधाच्या पेपरात त्याने तेच लिहिलेलं असतं. त्याऐवजी म्हणा, ‘मागचा निकाल लागला तो दिवस सकाळपासून सांगाल का?’ मग कळतं, की निकालाची पीडीएफ त्याने स्वतः उघडलीच नाही, मित्राला बघायला लावली. घरी फोन संध्याकाळी केला, आणि तोही आईला, वडिलांना नाही. त्या एका दिवसात पैसा, घर, मान, मैत्री सगळं येतं. मुद्दे पाडायचं काम नंतर तुमचं.

‘का?’ हा शब्द मराठीत अंगावर येतो. ‘तुम्ही पोस्ट का सोडली?’ हा जाब विचारल्यासारखा वाटतो आणि समोरचा सफाई देऊ लागतो. ‘ते कसं ठरलं?’, ‘मग पुढे?’, ‘घरी काय म्हणाले?’ हे प्रश्न तेच काम हळुवारपणे करतात. आणि उत्तर संपलं असं वाटलं तरी चार-पाच सेकंद गप्प राहा. पुष्कळदा महत्त्वाचं वाक्य त्या शांततेनंतर येतं.

हाक कशी मारायची, हाही पद्धतीचाच भाग आहे. उमेदवाराला ‘दादा’ किंवा ‘ताई’, मेस चालवणाऱ्या बाईंना ‘काकू’ म्हटलं की दार उघडतं. पण नातं जोडलं की नात्याची जबाबदारीही येते. ‘ताई’ म्हटल्यावर ती ताईसारखी बोलते. स्वतःची पडझड झाकून तुम्हाला सल्ला देऊ लागते. ते लक्षात आलं की तिला सल्ल्यावरून प्रसंगावर आणायचं. जागाही विचार करून निवडा. खोलीत रूममेट कान देऊन बसलेला असेल तर मुलाखत दोघांची होते. चहाच्या टपरीवर मोकळेपणा येतो, पण रेकॉर्डिंगमध्ये नुसता गोंगाट ऐकू येतो.

मुलाखती किती दूर नेऊ शकतात, याचं मराठीतलं ठळक उदाहरण म्हणजे उर्मिला पवार आणि मीनाक्षी मून यांचं १९८९ साली प्रसिद्ध झालेलं ‘आम्हीही इतिहास घडवला’. आंबेडकरी चळवळीतल्या स्त्रियांविषयी लिखित साधनांत फारसं सापडत नव्हतं. तेव्हा या दोघींनी त्या कार्यकर्त्या बायका शोधून काढल्या, त्यांच्याशी बोलल्या, आठवणी नोंदवल्या. माहितीचं घर कागदात नव्हतं, माणसांत होतं, आणि माणसं वयाने थकत चालली होती. आठवण चुकते, तारखा सरकतात. म्हणून मिळेल तिथे ती कागदांशी ताडून पाहायची. पण कागद गप्प असतो तेव्हा आठवण हेच साधन उरतं.

निरीक्षण : बसायची जागा दिसणं ठरवते

दुसऱ्या प्रश्नाकडे वळू. अभ्यासिकेतला दिवस कसा जातो, हे बघायला अभ्यासिकेतच बसावं लागतं. मालकांची परवानगी घेऊन, मुलांना आपण कोण ते सांगून आठवडाभर वेगवेगळ्या वेळी जा. वहीच्या पानावर मधोमध रेघ मारा. डावीकडे फक्त दिसलेलं आणि ऐकलेलं, उजवीकडे तुम्हाला वाटलेलं. ‘मुलं निराश दिसत होती’ हे उजवीकडचं वाक्य. ‘११.२०ला तिघं बाहेर आले, जिन्यात उभे राहून मोबाइलवर जाहिरातीची तारीख पाहिली, दहा मिनिटं कुणी बोललं नाही’ हे डावीकडचं. सुरुवातीला उजवी बाजू भराभर भरते आणि डावी रिकामी राहते. आठवड्याने उलटं होऊ लागलं की समजा, बघायला जमू लागलं. टिपणं त्याच दिवशी सविस्तर लिहून काढायची. दुसऱ्या दिवशी तपशील उडतो आणि मत तेवढं शिल्लक राहतं.

सहभागी निरीक्षण म्हणजे नुसतं बघणं नव्हे, त्यात सामील होऊन बघणं. इरावती कर्वे पंढरीच्या वाटेवर दिंडीबरोबर चालल्या आणि त्यावर त्यांनी लिहिलेला लेख १९६२ साली इंग्रजीतून आंतरराष्ट्रीय नियतकालिकात गेला. एका सुरात अभंग म्हणणारी माणसं मुक्कामाला जेवताना मात्र जातीजातीने वेगळी बसतात, हे त्यांना चालता चालता दिसलं आणि खुपलं. वारकऱ्यांना फॉर्म पाठवून ‘तुमच्या दिंडीत भेदभाव होतो का?’ असं विचारलं असतं तर काय उत्तर आलं असतं, ते सांगायला नको.

पण सामील झालं म्हणजे सगळं दिसतं असंही नाही. एम. एन. श्रीनिवास १९४८ साली म्हैसूरजवळच्या रामपुरा गावात राहिले. त्यांचा मुक्काम गावच्या प्रमुखाच्या आश्रयाने होता आणि ते स्वतः ब्राह्मण. आपल्याला गाव दिसलं ते बरंचसं वरच्या जातींच्या ओसरीवरून, दलितांच्या आणि बायकांच्या जगात आपला तेवढा शिरकाव झाला नाही, हे त्यांनी पुढे मोकळेपणाने मान्य केलं. अभ्यासिकेतही हेच होतं. मुलगा संशोधक असेल तर मुलींच्या वसतिगृहातली रात्र त्याला दिसत नाही. जो स्वतः परीक्षेची तयारी करतो त्याला दारं लगेच उघडतात, पण त्याला ओळखीचं वाटतं ते तो लिहूनच ठेवत नाही. आपण कुठे बसलो होतो, हे अहवालात सांगणं म्हणूनच गरजेचं.

गटचर्चा : वेळ वाचवायला नव्हे

‘दहा मुलाखती घ्यायला वेळ नाही, दहा जणांना एकत्र बसवतो.’ असं म्हणत निवडलेली गटचर्चा हमखास फसते. गटचर्चेत दहा मुलाखती होत नाहीत. त्या दहा जणांत जे घडतं ती एक घटना होते. कोण कुणाचं वाक्य पुरं करतं, कशावर हशा पिकतो, कुठल्या शब्दावर वाद होतो, हीच तिथली माहिती. उमेदवारांचे शब्द, त्यांचे विनोद, ‘प्लॅन बी’चा उल्लेख निघताच पसरणारी शांतता हे टिपायचं असेल तर गटच हवा.

या पद्धतीचा उगम रेडिओशी जोडला जातो. १९४१ साली न्यूयॉर्कमध्ये पॉल लाझार्सफेल्ड यांच्या संशोधनगटात श्रोत्यांना कार्यक्रम ऐकवून आवडलं तर एक आणि नावडलं तर दुसरं बटण दाबायला सांगत. रॉबर्ट मर्टन यांनी श्रोत्यांना ‘ते बटण तेव्हाच का दाबलंत?’ हे नेमकेपणाने विचारायची रीत बसवली. पुढे जाहिरातवाल्यांनी ती उचलली आणि तिचा सुळसुळाट झाला. १९८७ साली मर्टन यांनीच आठवण करून दिली, की गटातून मिळतात त्या कल्पना. त्या खऱ्या किती, हे पुढच्या संशोधनाने तपासायचं असतं.

आपल्याकडे गट बसवताना जास्त जपावं लागतं. सहा ते आठ जण पुरेत. पोस्ट मिळालेला एक जण त्यात असला की बाकीचे श्रोते होतात. मुलं बोलतात तिथे मुली ऐकत बसतात. आरक्षण, घरची कमाई, कर्ज हे विषय गटात काढले तर एकतर भांडण होतं किंवा सगळे गोड गोड बोलतात. म्हणून मुलींचा गट वेगळा, नवख्यांचा वेगळा, जुन्यांचा वेगळा, आणि खासगी गोष्टी मुलाखतीसाठी राखून ठेवायच्या. सोबत एक मैत्रीण घ्या. तुम्ही चर्चा चालवा, कोण कधी बोललं ते तिला टिपू द्या. नंतर रेकॉर्डिंग ऐकताना सगळे आवाज सारखेच वाटतात.

जे आधीच लिहिलं किंवा गायलं गेलं आहे

चौथा प्रश्न आंदोलनाचा. तिथे लोकांना आज विचाराल तर ते आजच्या नजरेतून सांगतील. त्या दिवसांतली निवेदनं, फलकांवरच्या घोषणा, वर्तमानपत्रांतल्या बातम्या, आयोगाची पत्रकं हीच मूळ साधनं. अभ्यासिकांबाहेरचे क्लासच्या जाहिरातींचे फलक आणि गावात लागणारे ‘हार्दिक अभिनंदन’चे बॅनरही दस्तऐवजच आहेत. प्रत्येकाला तीन प्रश्न विचारायचे : कुणी लिहिलं, कुणासाठी लिहिलं, आणि यात काय लिहिलेलं नाही? बंद टेलिग्राम गटातले संदेश मात्र परवानगीशिवाय उचलू नका. गटात असणं म्हणजे संशोधनाला संमती देणं नव्हे.

कधी कधी माणसं विचारल्यावर सांगत नाहीत ते दुसऱ्याच रूपात आधीपासून सांगून ठेवलेलं असतं. हेमा राईरकर आणि गी पॉइटविन यांनी सहकाऱ्यांसह गावोगावच्या बायकांकडून जात्यावरच्या ओव्या गोळा केल्या. एक हजाराहून अधिक गावांतून जमलेला हा संग्रह एक लाख ओव्यांच्या पुढे गेला आणि आता पारी या ग्रामीण भारताच्या ऑनलाइन संग्रहात तो वाचता-ऐकता येतो. सासरचा जाच, माहेरची ओढ, भाऊ, विठ्ठल, बाबासाहेब, सगळं त्यात आहे. अनोळखी माणसाने वही काढून ‘सासरी त्रास आहे का?’ असं विचारलं तर ‘नाही बाई, सगळं बरं आहे’ म्हणणारी बाई पहाटे जात्याच्या खुंट्याला हात लागला की तेच गात होती. गिरण्या आल्या, जाती कोपऱ्यात गेली आणि ओव्या फक्त स्मरणात उरल्या. म्हणून त्या वेळीच टिपणं गरजेचं होतं.

किती जणांशी बोलायचं?

‘सर, सॅम्पल किती घेऊ?’ हा प्रत्येक वर्गातला प्रश्न. गुणात्मक कामात नेमका आकडा नसतो, पण खूण असते. नवीन मुलाखतीतून नवीन काही निघेनासं झालं, तेच मुद्दे पुन्हा येऊ लागले, की थांबायची वेळ झाली. याला संपृक्तता म्हणतात. २००६ साली ग्रेग गेस्ट आणि सहकाऱ्यांनी घाना आणि नायजेरियातल्या स्त्रियांच्या ६० मुलाखती पुन्हा तपासल्या. पहिल्या १२ मुलाखतींतच बहुतेक सगळे मुद्दे येऊन गेले होते आणि मुख्य सूत्रं तर पहिल्या सहांतच दिसू लागली होती. पण हा आकडा डोळे झाकून उचलू नका. तिथल्या स्त्रिया बऱ्याच अंशी एकसारख्या परिस्थितीतल्या होत्या आणि प्रश्नही नेमके होते. तुम्ही मुलं, मुली, पालक आणि क्लासचालक अशा चौघांना हात घातलात तर बारा मुलाखती म्हणजे प्रत्येकी तीनच.

आता वेळेचा हिशेब मांडा. तासाभराची मुलाखत शब्दशः उतरवायला नवशिक्याला पाच तास सहज लागतात. दहा मुलाखती म्हणजे पन्नास तास, आणि त्यानंतर वाचन, खुणा, वर्गीकरण. मोबाइलमधली यंत्रं बोललेलं आपोआप लिहून देतात, पण वऱ्हाडी, अहिराणी किंवा मराठवाडी बोली आली की अडखळतात. रेकॉर्डिंगशी ताडून पाहिल्याशिवाय त्यांच्यावर विसंबू नये. आणि उतरवताना भाषा ‘सुधारू’ नका. ‘लई टेन्शन येतंय, पण घरी काय तोंड दाखवू?’ याचं ‘मला अतिशय तणाव जाणवतो’ केलंत की वाक्यातलं घर, तोंड आणि लाज तिन्ही गेली. तुम्ही ज्याच्या शोधात आला होतात तेच पुसून टाकलंत.

विश्वास सांभाळणं

संमती म्हणजे कागदावरची सही एवढंच नव्हे. काय विचारणार, रेकॉर्डिंग कोण ऐकणार, नको वाटलं तर मध्येच थांबता येईल, हे आधी मराठीत, सोप्या शब्दांत सांगायचं. नाव बदललं म्हणजे ओळख लपली असं समजू नका. अमुक तालुक्याचा, चार अटेम्प्ट दिलेला, एका गुणाने पोस्ट हुकलेला मुलगा पेठेत सगळे ओळखतात. वयाने १८ वर्षांखालच्या मुलांशी बोलायचं तर पालकांची संमती आणि मुलांचाही होकार हवा. शिवाय २०१२च्या पॉक्सो कायद्यानुसार बालकावरच्या लैंगिक अत्याचाराची माहिती कळली तर ती पोलिसांना देणं बंधनकारक आहे. ‘काहीही सांग, कुणाला कळणार नाही’ असं वचन म्हणूनच देऊ नये.

अपयशाविषयी बोलताना कुणी कोसळलं तर रेकॉर्डर बंद करा. मुलाखत राहिली तरी चालेल. शासनाच्या टेली-मानस या मानसिक आरोग्य सेवेचा १४४१६ हा क्रमांक वहीच्या पहिल्या पानावर लिहून ठेवा आणि गरज वाटली तर द्या. समुपदेशकाचा आव मात्र आणू नका.

आणखी एक घरगुती सल्ला : प्रत ठेवा, वेगळ्या जागी ठेवा. रामपुऱ्यावर श्रीनिवास यांनी अठरा वर्षं राबून नीट लावलेल्या टिपणांच्या तिन्ही प्रती एप्रिल १९७० मध्ये कॅलिफोर्नियातल्या स्टॅनफर्ड इथल्या आगीत जळाल्या, कारण तिन्ही एकाच खोलीत होत्या. मग त्यांनी स्मरणावर भर देऊन लिहिलेलं ‘द रिमेम्बर्ड व्हिलेज’ १९७६ साली आलं आणि गाजलं. ते श्रीनिवास होते म्हणून जमलं. आपला फोन रिक्षात राहिला तर सत्र संपतं.

निवड लिहून दाखवा

दोन पद्धती एकत्र वापरता येतात, आणि त्यांचं पटलं नाही तर घाबरायचं कारण नाही. मुलाखतीत ‘रोज बारा तास अभ्यास’ आणि निरीक्षणात दर तासाला पंधरा मिनिटं जिना, असं दिसलं तर मुलगा खोटारडा ठरत नाही. ‘बारा तास’ हे त्याच्यासाठी घड्याळाचं माप नसून घरच्यांना द्यायचं उत्तर असेल का, हा नवा प्रश्न उभा राहतो, आणि कदाचित तोच तुमच्या प्रकल्पाचा सर्वांत चांगला भाग ठरतो. मात्र एका सत्राच्या प्रकल्पात एक मुख्य पद्धत आणि एक आधाराची एवढंच पेलतं. चारही धरल्यात तर चारही अर्धवट राहतील.

पद्धतीच्या प्रकरणात ‘मुलाखतीचे फायदे-तोटे’ पुस्तकातून उतरवू नका. तीन वाक्यं स्वतःची लिहा. मला काय जाणून घ्यायचं होतं. ते कुठे राहतं असं मला वाटलं आणि म्हणून मी कोणती वाट धरली. आणि या वाटेने मला काय कळू शकलं नाही. तिसरं वाक्य लिहायला विद्यार्थी घाबरतात, गुण कमी होतील म्हणून. पण परीक्षक ‘हीच पद्धत का निवडली?’ असं विचारतात तेव्हा त्यांना ऐकायचं असतं ते नेमकं हेच.

तेव्हा फॉर्मची लिंक आज गटावर टाकू नका. या रविवारी एकाच माणसाची मुलाखत घ्या, त्याच रात्री ती शब्दशः उतरवा आणि दुसऱ्याला भेटायच्या आधी आपले प्रश्न बदला.